दोन बोटं उंच

आमच्या गल्लीत त्याला कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे नाहीमिस्त्री म्हणतात, आणि तोही बिनदिक्कत ओ देतो. मिस्त्री, कपाट करून द्याल का? नाही. दार घासतंय, बघता का जरा? नाही. बायकोनं जेवायला हाक मारली तरी आधी नाही म्हणतो आणि मग पाटावर येऊन बसतो, असं माझी शेजारीण सांगते. शेजारणीला राईचा पर्वत करायची सवय आहे, पण या बाबतीत राईच मुळात मोठी होती.

अशा माणसाला काम कोण देणार? मी दिलं. का दिलं ते सांगते. मध्येच कुणी मला 'बिचारी' म्हणालं तर मात्र मी तिथंच थांबेन.

माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. साखरेनं नेला. अंगठ्यापासून सुरुवात केली होती तिनं, डॉक्टरांनी वेळीच आडवा हात घातला म्हणून गुडघा तरी वाचला. रडायचं तेवढं मी दवाखान्यात रडून घेतलं. घरी आले ती चाकाच्या खुर्चीतून, आणि आल्या आल्या खुर्ची स्वयंपाकघरात घेतली, कारण दवाखान्यातला चहा पिऊन जीव विटला होता. ओट्यापाशी गेले तर ओटा हनुवटीला. शेगडीवर भांडं होतं, पण त्याचं मला फक्त बूड दिसत होतं. ज्या ओट्यावर सगळा संसार शिजवला, तो ओटा मला आता ओळख दाखवेना.

मागे लेक उभी होती. ती म्हणाली, "बघितलंस ना आई? चल आता माझ्याकडे."

माझी लेक वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. ऐकणाऱ्यांना लेकीसुना वाईट असल्या की गोष्टीला चव येते, पण मी उगाच मीठ घालणार नाही. तिचं घर मोठं आहे, जावई शांत आहे, माझ्यासाठी उन्हाची खोली काढून ठेवलीय. तिथं मला सगळं हातात मिळणार होतं. चहा हातात, ताट हातात, टीव्हीचा रिमोट हातात. हातांनी करायचं मात्र काही नाही. मी टेलर आहे. वयात आल्यापासून माझ्या हातांनी दुसऱ्यांचे कपडे बेतले, शिवले, उसवले आणि पुन्हा शिवले. नवरा लवकर गेला तेव्हा याच हातांनी घर धरलं. त्या हातांना आता मांडीवर ठेवून बसायचं, हे मला मरणाहून वाईट वाटत होतं. तसं मी तिला सांगितलंही.

"मग एकटी काय करशील?" तिनं विचारलं.

"माझं मी रांधीन आणि खाईन."

"ह्या ओट्यावर?"

मी म्हटलं, ओटा बदलीन. लेकीनं कपाळाला हात लावला. शेवटी आमचं ठरलं ते असं: ती महिन्याभरानं येणार. तोवर मला कुणाच्या मदतीवाचून स्वयंपाक करून तिला वाढता आला, तर मी इथं राहीन. नाही आला, तर घराला कुलूप, आणि मी मुकाट तिच्या गाडीत. मी 'हो' म्हटलं. रागाच्या भरात माणूस कशालाही हो म्हणतो.

लेकीनं जायच्या आधी स्वतःच एका फर्निचरच्या दुकानातला माणूस बोलावला. गुळगुळीत पोरगा. रंगीत चित्रांचं पुस्तक घेऊन आला आणि माझ्या डोक्यावरून लेकीशी बोलत राहिला. खुर्चीत बसलं की लोकांना वाटतं आपले कानही गेले. "आजींना कुठला रंग आवडेल?" असं त्यानं तिला विचारलं. मी म्हटलं, "आजींना उंची आवडेल. एवढी." आणि हात करून दाखवला. तो हसला. म्हणाला, ओटे सगळे एकाच उंचीचे येतात, कारखान्यातून. बसणाऱ्यांचं माप नसतं त्यात.

"जगात बसणारी माणसं नसतात का?"

"असतात ना, आजी. पण ती स्वयंपाक नाही करत."

मी त्याला चहाही विचारला नाही. विचारला असता तरी करता कुठं येत होता.

नाहीमिस्त्रीचं नाव शेजारणीनं सुचवलं, आणि सुचवताना दहा वेळा बजावलं की माणूस तिरसट आहे, नंतर मला बोल लावू नका. मी फोन केला. पलीकडून ठोकाठोकीचा आवाज येत होता. मी सांगितलं की ओटा करायचाय.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणायचं तर समोर येऊन म्हणा. फोनवर काय, कुणीही शूर असतं."

ठोकाठोकी थांबली. त्यानं पत्ता विचारला.

दुपारी तो खरोखर नाही म्हणायला आला. साठीचा, अंगानं वाळलेला, कानावर पेन्सिल, डाव्या हाताचं मधलं बोट पेरापाशी संपलेलं. दारात उभा राहिला आणि म्हणाला, "नाही." मग त्याची नजर माझ्या खुर्चीवर गेली, तिथून ओट्याकडे गेली, आणि परत माझ्याकडे आली. चप्पल काढून तो आत आला. मी म्हटलं, "आता काय झालं?" तर म्हणे, "नाही म्हटल्यावर जो दुसरीकडे जातो, त्याला काम नको असतं, त्याला नुसतं कुणीतरी हो म्हणावं असं वाटत असतं. तुम्ही अजून इथंच आहात."

"मी कुठं जाणार? पाय कुठंय?"

"तेही आहेच," तो म्हणाला. एवढं बोलणं झालं आणि काम ठरलं.

आता त्याची काम करायची तऱ्हा ऐका, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच झाला. हा माणूस फीत वापरत नाही. माझ्या गळ्यात जन्मभर फीत आहे, तिला त्यानं नावं ठेवली. फीत ताणते, म्हणे, आणि आकडे खोटं बोलतात. त्याच्याकडे एक सरळ पट्टी असते, त्याच्याच उंचीची, रंधा मारलेली. ज्या माणसासाठी काम करायचं त्याच्या शेजारी ती उभी करतो आणि पेन्सिलीनं खुणा करतो. ही गुडघ्याची, ही कोपराची, हात वर केला की इथवर पोचतो. एका माणसाची एक पट्टी. तीच पट्टी लाकडाला लावून लाकूड कापायचं. आकडा मध्ये येतच नाही. त्याच्या दुकानात अशा पट्ट्या भिंतीला टांगलेल्या आहेत. कुठली कुणाची हे तो नुसत्या खुणांवरून ओळखतो. मेलेल्या माणसांच्याही पट्ट्या काढत नाही. "जागा खात नाहीत," एवढंच कारण सांगतो.

माझं माप घ्यायचा दिवस आणि लेकीचा निघायचा दिवस एकच आला. तिची बॅग दारात. मिस्त्रीनं पट्टी माझ्या खुर्चीशेजारी उभी केली आणि म्हणाला, "कोपर सैल सोडा." तेवढ्यात लेक दारातून त्याला म्हणाली, "मिस्त्री, तिच्या नादी लागून जास्त काही करू नका हं. महिन्याभरानं हे घर बंदच करायचंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या घरात, माझ्या समोर, मी जिवंत असताना. मी नुसती सरळ झाले. पाठ ताठ, मान ताठ, आणि कोपर कसंबसं सैल. मिस्त्रीनं खूण केली. लेक पाया पडून, डोळे पुसून निघून गेली. तिचे डोळे खरोखरच भरले होते, म्हणून मला आणखी राग आला. खोट्या माणसावर रागवणं सोपं असतं.

काम सुरू झालं. जुना ओटा त्यानं एका दिवसात काढला आणि मला आत येऊ दिलं नाही, धूळ फार म्हणून. माझा डबा आणि दोघांचा चहा शेजारणीकडून यायचा. दुसऱ्या दिवशी बघते तर हा माझ्या खुर्चीत बसलेला. मी पलंगावर होते, खुर्ची बाहेर होती, यानं विचारलंसुद्धा नाही. खुर्चीतून घरभर फिरला, दाराच्या चौकटीला आपटला, उंबऱ्यावर अडकला, शिव्या दिल्या. मग उठून उंबरा कापून टाकला.

"विचारायची पद्धत आहे का?" मी ओरडले.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"तो शब्द तुम्ही विकत घेतलाय का?"

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. समोरचे दोन दात नव्हते.

त्याचं आयुष्य मला तुकड्या-तुकड्यानं कळलं. तोंडात खिळे धरून बोलायचा, आणि दोन खिळ्यांच्या मध्ये जेवढं मावेल तेवढंच सांगायचा. वडील नव्हते. मामाच्या हाताखाली शिकला. मामानं मारलं भरपूर आणि शिकवलंही भरपूर. पुढं फर्निचरच्या कारखान्यात लागला, चांगली नोकरी, डोक्यावर पंखा. तिथं शाळेची बाकं बनत. लहान पोरांना आणि मोठ्या पोरांना एकाच उंचीची. यानं साहेबाला सांगितलं, पहिलीतल्या पोराचे पाय लोंबकळतील. साहेब म्हणाला, पोरं वाढतात. "पोरं वाढतात, पण तोवर लोंबकळतात," असं म्हणून यानं हत्यारं उचलली आणि घरी आला. बायकोनं काय म्हटलं विचारलं तर म्हणाला, "ती अजून म्हणतेय." बायको दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला आहे. यानं नोकरी सोडली तेव्हा घर तिच्याच जिवावर चाललं, आणि हे तो न लाजता सांगतो. "तिनं धरून ठेवलं म्हणून मला नाही म्हणता येतं," असंही एकदा म्हणाला. खिळे काढून म्हणाला, म्हणून लक्षात राहिलं.

आमची भांडणं रोजची. मला खाली कपाटं हवी होती, तो म्हणाला नाही, गुडघे कुठं जाणार. मला शेगडी उजवीकडे हवी होती, तो म्हणाला नाही, तुम्ही डावऱ्या आहात. मी म्हटलं, मी डावरी आहे हे मला ठाऊक आहे, पण शेगडी उजवीकडेच असते. तर म्हणे, कुणी सांगितलं? मी विचार करत बसले. खरंच, कुणी सांगितलं होतं? सासूनं. आणि तिला तिच्या सासूनं. शेगडी डावीकडे गेली. फळी त्यानं कुठल्याशा पाडलेल्या गोदामाच्या दारातून आणली, अशी जाड की खाली उतरवायला शेजारणीचा नवरा बोलवावा लागला. रंधा मारून, तेल पाजून ती त्यानं बसवली, शेगडीखाली पत्रा लावला. देखणी झाली होती फळी. मी तसं सांगितलं नाही. त्याच्या पँटचा खिसा फाटून हत्यारं गळत होती, तो शिवून दिला. त्यानंही काही म्हटलं नाही. हिशोब बरोबर झाला.

लेक यायच्या आदल्या सकाळी सगळं तयार होतं. मिस्त्री दुकानावर गेला होता, मी एकटी. म्हटलं, आज रंगीत तालीम. बटाटे चिरायला घेतले. दोन बटाट्यांत खांदे कानाला भिडले. चार बटाट्यांत मान भरून आली. तरी रेटलं. आधणाचं भांडं उचलायला गेले, तर हातात जोरच येईना. कोपर अधांतरी, मनगट वळलं आणि पाणी फळीवर सांडलं, थोडं मांडीवर आलं. भाजलं फार नाही. पण मी तशीच बसून राहिले, ओल्या कपड्यांनी. उद्या या ओट्यावर मला वाढता येणार नव्हतं. ओटा देखणा होता आणि माझ्या उपयोगाचा नव्हता, आणि उद्या लेक भांडणसुद्धा करणार नव्हती, नुसतं प्रेमानं "चल" म्हणणार होती.

फोन केला. यावेळी तो नाही म्हणाला नाही. पट्टी घेऊन आला. शेजारी उभी केली. कोपराची खूण माझ्या कोपराच्या दोन बोटं वर.

"खुर्ची खचली तुमची," तो म्हणाला.

"ओटा फुगला तुमचा."

"माझी पट्टी चुकत नाही."

"मग काय माझा हात आखूड झाला? आधी पाय, आता हात?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," तो पुटपुटला.

नाचायची गोष्ट माझ्यापाशी. मी त्याला असं काही बोलले की इथं सांगता येणार नाही. तो लाल झाला, पट्टी बगलेत मारून दारापर्यंत गेला. दारात थबकून म्हणाला, "मी त्या दिवशी बघितलं. कोपर इथंच होतं. तुमची लेक बोलत होती तेव्हा मी खूण केली."

लेक बोलत होती तेव्हा. माझ्याकडे माप द्यायला आलेली बाई कमरेला फीत लागली की पोट आत घेते, पुरुष छाती फुगवतो. मी कधीच लगेच माप घेत नाही. "श्वास सोडा," म्हणते, काहीतरी गप्पा काढते, आणि माणूस आपल्या मूळच्या आकारात आला की पटकन आकडा धरते. जन्म गेला माझा लोकांना श्वास सोडायला लावण्यात. आणि स्वतःच्या मापाच्या वेळी मी अशी ताठ बसले होते की जणू लेकीला उंची दाखवायची होती. मी त्याला ते सांगितलं.

त्यानं पट्टीवरच्या खुणेवरून अंगठा फिरवला. "म्हणजे मी राग मोजला," तो म्हणाला.

"दोन बोटं भरला."

"कमी आहे तुमच्या मानानं."

हसू आलं, पण वेळ नव्हता. मी म्हटलं, "माझ्या खुर्चीत दोन बोटांची फळी टाका. मी उंच होते. उद्याचं निभावून जाईल."

"नाही."

"मिस्त्री, आता हट्ट नको. उद्या लेक येतेय. माझं सगळं उद्यावर आहे."

"नाही म्हणजे नाही." आवाज चढला त्याचा. खिळे नव्हते तोंडात, त्यामुळे सगळं एकदम बाहेर आलं. त्याची आई ठेंगणी होती. भाड्याच्या घरातला ओटा उंच होता. ती खोक्यावर उभी राहून रांधायची. खोका तो, पोरगा, सकाळी आणून द्यायचा आणि संध्याकाळी आत ठेवायचा. घरमालक म्हणायचा, ओट्याला हात लावायचा नाही. एक दिवस खोका सरकला, हातात उकळतं भांडं होतं. "ती त्यातून उठली," तो म्हणाला, "पण त्यानंतर शेगडीपाशी उभी राहिली की थरथरायची. आणि तरी खोक्यावरच उभी राहायची. ओटा होता तिथंच होता. माणसानं फळ्या घेऊन उंच व्हायचं नाही, टेलरबाई. ओट्यानं खाली यायचं."

माझ्या मांडीवरचं पाणी अजून वाळलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तो उजाडताच आला. शेजारणीच्या नवऱ्यानं कामावर जाता जाता फळी उतरवायला हात लावला आणि तो गेला. फळी भिंतीला टेकली, चौकट उलटी पडली, मिस्त्री तिचा एकेक पाय दोन-दोन बोटं कापायला बसला. घरभर भुसा. शेगडी बाहेरच्या खोलीत जमिनीवर, भांडी पलंगावर. आणि शेवटचा पाय कापून होतो न होतो तोच लेक दारात. पहाटेच निघाली होती म्हणे. देवाला तरी काही कळतं का?

तिनं सगळीकडे बघितलं. ओरडली नाही. हळूच खाली वाकून माझ्या केसांतला भुसा झटकला आणि म्हणाली, "आई, पुरे आता."

मी म्हटलं, "तासाभरात होईल."

"तासाभराचा प्रश्न नाहीये गं. आज हे, उद्या दुसरं काही. किती दिवस?" मग ती त्याच्याकडे वळली. "मिस्त्री, तुम्ही रोज बघताय हिला. खरं सांगा. जमणार आहे का हिला एकटीला?"

मिस्त्रीनं करवत खाली ठेवली.

"नाही," तो म्हणाला.

महिनाभर माझ्या घरी चहा प्यायलेला माणूस. मला वाटलं हातोडी उचलून फेकावी, आणि हाताशी असती तर फेकलीही असती. लेकीनं डोळे मिटले. तिला जिंकायचं होतं, पण असं नव्हतं जिंकायचं.

"एकटीला जमणार नाही," तो पुढं म्हणाला. "मलाही एकट्याला ही फळी उचलत नाही. नोकरी सोडली तेव्हा मला एकट्याला माझं पोटही भरता आलं नव्हतं. पण म्हणून मला कुणी घर सोड म्हणालं नाही." आणि फळीच्या एका टोकाला जाऊन उभा राहिला. "धरा तिकडून."

लेकीनं माझ्याकडे बघितलं. तिनं पर्स पलंगावर भांड्यांत ठेवली, बाह्या वर सारल्या आणि दुसरं टोक धरलं. फळी जड होती. ती कण्हली, तिचा पाय सरकला, मिस्त्री तिच्यावर खेकसला, "पाठ नको, गुडघे वाकवा." माझी शिकलेली, हाताखाली माणसं असलेली लेक निमूट गुडघ्यात वाकली. फळी चौकटीवर बसली. मग शेगडीही जागेवर आली, आणि तिच्यावर भांडं.

"आता तुम्ही," तो मला म्हणाला. "श्वास सोडा."

मी सोडला. महिन्याभराचा होता तो, निघायला वेळ लागला. खांदे उतरले, पाठ सैल पडली, आणि माझा हात आपणहून फळीवर गेला. कोपर बरोबर टेकलं. गुडघे खाली सुखानं मावले. समोर शेगडीवरच्या भांड्यात काय आहे ते मला वरून दिसत होतं.

मी स्वयंपाक केला. लेक मध्ये मध्ये करायला लागली, काकडी चिरते म्हणून सुरी घेतली. उभ्यानं चिरायला गेली तर ओटा तिच्या मांडीला. दोनदा वाकली आणि कंबर धरली. "आई, माझी कंबर मोडेल इथं," म्हणाली.

"मग बस. उभं राहणाऱ्यांचे ओटे जगात पुष्कळ आहेत. हा बसणाऱ्यांचा आहे."

तिनं बाहेरून माझ्या शिलाईच्या यंत्राचं स्टूल ओढून आणलं आणि माझ्या शेजारी बसली. ते तिला बुटकं होतं, नाक काकडीत जात होतं. पण कितीतरी दिवसांनी तिचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं. दवाखान्यापासून मी तिला खालूनच बघत आले होते. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, ते मला तेव्हा दिसलं. तीही दमली होती बाई. मी तिच्यापुढं ताट ठेवलं, वाफ निघत होती. मिस्त्रीला जेवायला बसा म्हटलं, तो नाही म्हणाला आणि बसला.

जेवण झाल्यावर लेक बराच वेळ फळीवर हात फिरवत राहिली. सामान बांधायचं नाव तिनं काढलं नाही, आणि मीही तिला ते आठवण करून देण्याइतकी खुळी नाही.

"मिस्त्री," ती म्हणाली, "एक स्टूल करून द्याल? माझ्या मापाचं, या ओट्यापाशी बसायला. इथंच ठेवायचंय."

"नाही," मिस्त्री म्हणाला.

लेकीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "अगं, उभी काय राहिलीस? बस. तो पट्टी शोधतोय."

त्यानं कोपऱ्यातून एक कोरी पट्टी काढली, तिच्या शेजारी उभी केली आणि कानावरची पेन्सिल घेतली.

"कोपर सैल सोडा," तो तिला म्हणाला. "आणि आईकडे बघू नका. माप चुकतं."